हात चेंडूच्या वर

त्या घरात सकाळ झाली की आवाज बंद होत. बाप रात्रभर बेकरीच्या भट्टीपुढे उभा असे आणि उजाडता उजाडता घरी येऊन आतल्या खोलीत आडवा होई. मग दुपारपर्यंत आई नळाखाली फडकं धरून पाणी भरी, भांडी एकावर एक ठेवताना मध्ये बोट घाली, आणि बोलायचं ते हातांनी बोले. पाणी गेलं, गॅस संपत आला, दारात कोणी उभं आहे, हे काय घातलंयस अंगात, अशा सगळ्याला खुणा ठरलेल्या होत्या. आई रागावली की तिचे हात इतके भराभर चालत की मुलगी कानाशी येऊन कुजबुजे, "आई, जरा हळू ओरड."

मुलीला सगळे छोटी म्हणत. मोठी कुणी नव्हतीच. मोठी कोण, असं कुणी विचारलं तर आई सांगे, "मोठी मी." छोटीची पंचविशी जवळ आली होती, पण अंगानं ती नावाला जागली होती. शाळेत बास्केटबॉलच्या संघात घेतलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, तुला बास्केटपर्यंत हात पोचवायचा नाही, तू फक्त चेंडू तिथपर्यंत घेऊन जा, पुढचं उंच मुली बघतील. तेव्हापासून चेंडू नेणं हेच तिचं काम. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, समोरचीला चुकवत, टप्प्या टप्प्याने.

शाळा सुटली, खेळ सुटला नाही. दुपारपासून रात्रीपर्यंत ती दवाखान्याच्या लाँड्रीत असे. ओल्या चादरी वाफेच्या रोलरमध्ये सरकवायच्या, दुसऱ्या बाजूने बाहेर आल्या की घडी घालायची. शहराच्या पलीकडचं कोर्ट संध्याकाळी उघडे, म्हणजे ती चादरीत असताना. सुट्टीच्या दिवशी तेवढी ती जाई. रोजच्या सरावाला तिच्याकडे सकाळच होती आणि सकाळी बाप झोपलेला. घराबाहेर उताराची अरुंद गल्ली, तिच्यात गाड्यांची रांग. डोक्यावर पत्रे. खाली कुणाचं तरी गोदाम होतं, त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार बापाचीही नव्हती, पण त्याची झोप फार सावध. चमचा पडला तरी डोळे उघडत, आणि एकदा उघडले की उघडलेच.

म्हणून छोटीने स्वतःच एक तोड काढली होती. चेंडूतली हवा निम्मी सोडायची, बाहेरच्या खोलीत गोधडीची चौपदरी घडी टाकायची आणि तिच्यावर टप्पे घ्यायचे. आवाज इतकाच होई, जसं कोणी उशी थोपटतंय. मऊ चेंडू गोधडीवरून वर येतच नसे. घोट्याच्या वर जेमतेम आला की छोटीचा हात खाली जाई आणि त्याला उचलून पुन्हा आपटी. उजव्याने, डाव्याने, पायांमधून, पाठीमागून. कित्येक वर्षं हे चाललं. तिची बोटं पकडीसारखी घट्ट झाली. सुट्टीच्या दिवशी कोर्टावर मैत्रिणी म्हणत, हिच्या हाताला चेंडू चिकटतो. तिथे पंच नसे, शिट्टी नसे, हसण्यावारी खेळ. कुणी काही बोललं नाही.

त्या वर्षी वीज कंपनीच्या महिला संघात एक जागा निघाली. खेळाडू म्हणून घेतलं की कंपनीत कायमची नोकरी, दिवसाची, खुर्चीतली. वयाची अट अशी होती की छोटीला ही शेवटचीच संधी. पुढल्या वर्षी तिला अर्जच करता येणार नव्हता. बाप म्हणाला होता, "तुला ते मिळालं की मी मालकाला सांगतो, बाबा रे, आता तुझी भट्टी तू सांभाळ." हे तो हसत म्हणाला होता, पण घरात तिघांनाही माहीत होतं की ते हसण्यासारखं नाही. भट्टीपुढे उभं राहून राहून त्याच्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या.

निवडीच्या दिवशी कंपनीच्या कोर्टावर छोटी हाताला चेंडू लागताच निघाली, समोरच्या मुलीला डावीकडे झुकवून उजवीकडून सटकली, आणि शिट्टी वाजली.

"कॅरी," पंच म्हणाला आणि चेंडू दुसऱ्या संघाला दिला.

तिला वाटलं, असेल एखादी. पुन्हा चेंडू आला, पुन्हा शिट्टी. तिसऱ्यांदा तर तिने कुणाला चुकवलंही नव्हतं, नुसती चालत होती. पुढे पुढे शिट्टी वाजायच्या आधीच ती थांबू लागली. शेवटी तिच्याच संघातल्या मुलींनी तिला चेंडू देणं बंद केलं.

खेळ संपल्यावर कोचबाईंनी तिला बाजूला बोलावलं. बाई एकेकाळी स्वतः खेळलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधून असत.

"कुणी शिकवलं तुला असं?"

"कुणी नाही, मॅडम. घरीच."

"हात बघ तुझा कुठे जातो ते." बाईंनी चेंडू आपटला आणि तो वर आला तसा आपला पंजा त्याच्या खाली नेऊन क्षणभर तोलला. "हे तू करतेस. हात खाली गेला की तो टप्पा राहत नाही, उचलणं होतं, तीच कॅरी. बाळाला उचलतात तसं. ड्रिबल करताना हात कायम चेंडूच्या वर. चेंडू आपला आपण वर येतो, त्याला आणायला जायचं नाही."

"येतो?" छोटीच्या तोंडून निघून गेलं.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "हवा भरलेला असेल तर येतो."

मग त्यांनी सांगितलं की हात वेगवान आहेत, नजरही बरी आहे, म्हणून महिनाअखेरीस अजून एकदा बघू. समोरच्या संघातल्या त्या लांब वेणीवाल्या मुलीलाही बोलावलंय. "पण एक कॅरी जरी वाजली तरी मी तिला घेणार. मुरलेली सवय मला संघात नको. ऐन सामन्यात तीच वर येते."

छोटी घरी आली तेव्हा बाप कामाला जायच्या आधीचा चहा पीत होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याने ओळखलं, पण विचारलं दुसरंच. "कोर्ट कसं होतं?"

"चांगलं होतं."

"आणि तू?"

छोटीने सगळं सांगितलं. गोधडी आणि हवा सोडलेला चेंडू यांच्याबद्दल मात्र बोलली नाही. पण बाप भट्टीपुढे उभा राहणारा असला तरी डोकं काही भाजून निघालेलं नव्हतं. त्याने कोपऱ्यातल्या चेंडूवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"यात हवा भर," तो म्हणाला. "आणि ती गोधडी उचल."

"बाबा, तुम्ही झोपता."

"मी झोपलो की माझ्या उशाशी नगारा बडवला तरी मला कळत नाही."

आईने चहाचं भांडं विसळता विसळता मागे वळून पाहिलं. "काल डास चावला तर उठून बसला होतात."

"तो डास मोठा होता," बाप म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटीने उघड्या फरशीवर पहिला टप्पा टाकला. त्या खोलीला असला आवाज माहीत नव्हता. खिडकीची काच थरथरली, फडताळातल्या कपबशा किणकिणल्या. चेंडू उसळून थेट तिच्या छातीपर्यंत आला आणि ती गोंधळून मागे सरली. आतल्या खोलीत काहीच हललं नाही. मग हळूच घोरणं सुरू झालं.

आईने डोळे मिटले आणि मान हलवली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं घोरणं तिला पाठ होतं. खरं घोरणं वर चढे, मध्येच अडके, आणि मग बारीक शीळ घालत खाली येई. हे आतलं तर करवतीसारखं एकसारखं चाललं होतं. छोटीनेही ते लहानपणापासून ऐकलेलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कसं उठवणार? आईने हाताने खूण केली, चालू दे.

तिने चालू दिलं. हात वर ठेवायचा, चेंडू येईपर्यंत थांबायचं, तळहात नाही तर बोटांची टोकं लावायची, त्याच्याबरोबर किंचित वर जायचं आणि पुन्हा खाली ढकलायचं. ऐकायला सोपं. पण हात तिचं ऐकेना. चेंडू जमिनीला लागला रे लागला की तो आपसूक खाली धावे, गर्दीत हरवलेल्या पोराला शोधायला आई धावते तसा. हात वर राहावा म्हणून तिने मनगटाला दोरी बांधून पाहिली, डोळे मिटून पाहिलं. उजवा जरा शहाणा झाला तर डावा तसाच. लाँड्रीत चादरी सरकवताना ती हात वर धरायची आठवण ठेवी, तर शेजारची म्हणाली, "काय गं, आशीर्वाद देतेस का चादरींना?"

असे दिवस गेले. ती टप्पे घेई, बाप घोरे. ती कामाला निघे तेव्हा पत्रे तापलेले असत, मग त्या खोलीत कुणाला झोप लागणं शक्यच नव्हतं. बापाच्या डोळ्यांखाली काळं धरलं. जेवताना घास हातातच राही. एकदा तो आपली समजून आईची चप्पल घालून जिना उतरला आणि अर्ध्या गल्लीतून परत आला. आई म्हणाली, "तिकडे पिठात मीठ घालायच्या जागी साखर घालाल." तो म्हणाला, "गोड पावाला गिऱ्हाईक जास्त असतं."

मग एका सकाळी तो कोपरापर्यंत पट्टी बांधून घरी आला. ट्रे ओढताना हात भट्टीच्या दाराला टेकला होता. "भट्टी आहे, चटका बसणारच," तो म्हणाला आणि आत गेला. आईने मात्र बेकरीतल्या पोरांकडून ऐकलं होतं ते छोटीच्या कानात सांगितलं. तो उभ्या उभ्या पेंगला होता. भट्टीभर पाव जळाले, आणि मालक म्हणाला, असं पुन्हा झालं तर दुसरा माणूस बघतो.

त्या दिवशी छोटीने चेंडू कपाटात ठेवला. गोधडी पसरली आणि तिच्यावर नुसतीच बसून राहिली. आत घोरणं सुरू झालं. बराच वेळ करवत चालली, मग अडखळली, मग थांबली. बाप दारात येऊन उभा राहिला.

"चेंडू का थांबला?"

"तुम्ही झोपा."

"मी झोपलोच होतो."

"बाबा, तुम्ही एक दिवससुद्धा झोपलेला नाहीत."

तो दाराच्या चौकटीला टेकला. त्याला राग आला असावा, पण रागवायलाही अंगात त्राण लागतं. "नाही झोपलो," तो म्हणाला. "मग? गेली ती झोप गेली. ती काही परत येणार नाही. आता तू थांबलीस तर ती फुकटच गेली ना? मला तसलं नुकसान परवडत नाही."

"हात भाजला तुमचा. उद्या काही जास्त झालं तर?"

"उद्याचं उद्या. काढ तो चेंडू."

"नाही."

"छोटे."

"नाही म्हटलं ना. मला नको ती नोकरी तुमच्या जिवावर."

 बापाने आतून स्टूल ओढत आणलं, भिंतीला लावलं आणि त्यावर बसला. "मी आता आत जात नाही," तो म्हणाला. "तू खेळलीस तरी मी इथेच, नाही खेळलीस तरी इथेच. कुठलं बरं दिसतं ते तू ठरव."

आईने स्वयंपाकघराच्या दारातून हात उडवले. त्याचा अर्थ एवढाच होता की दोघांनाही अक्कल नाही. बापाने हातांनीच उत्तर दिलं, तू गप्प बस. त्यावर आईने बरंच मोठं काहीतरी म्हटलं, दोन्ही हातांनी, आणि शेवटी कपाळावर बोट टेकवलं. छोटीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. मग तिच्या मनात आलं ते असं, की हे दोघं बोलतायत ते बघत बघत टप्पे घेता आले, तर चेंडूकडे बघायचं राहून जाईल. कोर्टावर मान खाली घालून कुणी चेंडू नेत नाही.

तिने कपाट उघडलं. "तुम्ही बोला," ती म्हणाली. "हातांनी. मी काय ते मोठ्यांदा सांगते."

बापाने खूण केली.

"पाणी आलं."

आईने केली.

"दूध उतू गेलं. कुठे गेलं? अच्छा, जाईल म्हणतेस."

"काय नगारा वाजवते आहे बघा," आई तोंडाने म्हणाली.

"आई, तोंडाने नाही."

पहिल्या दिवशी चेंडू खोलीभर पळाला. पलंगाखाली, मोरीत, एकदा आईच्या पायावर. पण नजर वर राहिली तसं हाताला आपलं काम आपण करावं लागलं. त्याला खाली धावायला सांगणारे डोळेच आता दुसरीकडे होते. चेंडू येई आणि बोटांना भेटे. नेहमी नाही, पण पुष्कळदा. डाव्यानेही खाली-वर ताल धरला तेव्हा छोटीला स्वतःलाच खरं वाटेना. बाप स्टुलावरून बघत राही, आणि हात खाली गेलेला दिसला की दोन बोटं तोंडाशी नेऊन शिट्टीचा अभिनय करी. काही वेळाने त्याची बोटं तोंडाशीच राहत आणि मान भिंतीला लागे. मग खरं घोरणं ऐकू येई, वर चढून अडकणारं. छोटी थांबत नसे. थांबलं तर तो जागा होतो, हे तिला एव्हाना कळलं होतं. पुन्हा पाव जळाल्याचं काही कानावर आलं नाही, आणि आईने विचारलंही नाही.

महिनाअखेरीस छोटी पुन्हा कंपनीच्या कोर्टावर गेली, ती एकटीच. बाप रात्रपाळीहून नुकता आला होता आणि तिने त्याला शपथ घालून आतल्या खोलीत पाठवलं होतं.

या वेळी शिट्टी वाजली नाही. छोटी हळू खेळली. आधीचा वेग नव्हता, हे तिला कळत होतं आणि लांब वेणीवालीलाही कळत होतं. ती मुलगी तरुण होती, ताजी होती, नीट झोपलेली होती. दर खेपेला छोटीच्या अंगावर येई आणि छोटी पाठ वळवून, चेंडू स्वतःच्या आडोशाला धरून, पावला पावलाने पुढे सरके. कुणी टाळ्या वाजवाव्यात असं त्यात काही नव्हतं. चेंडू न्यायचा आणि उंच मुलींच्या हाती द्यायचा, एवढंच.

वेळ संपत आली तेव्हा वेणीवालीने दबा धरून झडप घातली. छोटीने चेंडू उजव्यातून डाव्यात टाकला. तो तिच्याच बुटाला घासला आणि वेडावाकडा, बाहेरच्या बाजूला उसळला. तो अजून तिच्या आवाक्यात होता. हात खाली घालून त्याला पंजावर उचलायचा अवकाश, की तो तिचाच होता. डावा हात निघालाही. तो चेंडूच्या बाजूपर्यंत गेला, तिथे थबकला, आणि छोटीने तो मागे घेतला. चेंडू रेषेबाहेर गेला. समोरच्या संघाने तो घेतला, पळत जाऊन बास्केट केली, आणि खेळ संपला.

छोटी होती तिथेच गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. कोचबाई लंगडत आल्या.

"तो बॉल तुला धरता आला असता."

"हो, मॅडम."

"मग?"

"हात खाली गेला असता."

बाई वेणीवालीकडे बघत होत्या. ती आपल्या मैत्रिणींमध्ये हसत होती. "तिला मी पुढच्या वर्षी घेईन, तिच्याकडे वर्षं आहेत," बाई म्हणाल्या. "गेलेला बॉल परत मिळवता येतो. तू सोमवारी कागदपत्रं घेऊन ऑफिसात ये. आणि वेग वाढव, आत्ता खेळलीस ती म्हातारीसारखी."

"हो, मॅडम."

"आनंद झाला नाही का?"

"झालाय," छोटी म्हणाली. "जरा बसते."

ती बाकावर बसली. बुटांच्या नाड्या सोडायला वाकली आणि तशीच थोडा वेळ वाकून राहिली.

घरी पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. बाप जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता, बनियनवर, भाजलेला हात मांडीवर ठेवून. शपथेचं काय झालं ते तिने विचारलं नाही. त्याच्या शेजारी बसली आणि सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "बरं झालं."

"बाई म्हणाल्या म्हातारीसारखी खेळलीस."

"बापावर गेलीस." त्याने पायांच्या शिरांवरून हात फिरवला. "दिवसाची आहे ना नोकरी? नक्की?"

"नक्की. आता तुम्ही मालकाला कधी सांगता?"

"सांगतो की."

"कधी, बाबा?"

"अगं, सांगतो. आधी मला झोपू तर दे."

तो कठड्याला धरून उठू लागला, पण गुडघे सरळ होईनात. छोटीने त्याच्या काखेत हात घातला. तिच्याही पायांत गोळे आले होते. दोघं चार पायऱ्या चढली, टेकली, पुन्हा चढली. वळणावरच्या खिडकीपाशी बाप म्हणाला, थांब, आणि दोघं तिथेच बसली.